दुभंगलेला ओठ आणि टाळू: नऊ दिवसांचं बाळ, दूध नाकातून येतंय, वजन घटतंय

गटप्रवर्तक_देवगड

खाडीकाठच्या एका वाडीवरच्या बाळाबद्दल विचारायचं आहे. मुलगी, आज नववा दिवस. दिवस भरून झालेली, जन्माचं वजन २.७ किलो. डाव्या बाजूचा ओठ फाटलेला, फट नाकपुडीपर्यंत गेलेली. हिरडी दुभंगलेली आणि बॅटरी मारून बघितलं तर टाळूही मागेपर्यंत उघडी. हनुवटी नीट आहे, श्वास शांत, रंग गुलाबी. सातव्या दिवसाच्या भेटीत आशाताईंना वजन कमी वाटलं, म्हणून आज प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डिजिटल काट्यावर केलं. २.४३ भरलं.

आईला दूध भरपूर आहे. बाळ छातीला लावलं की तोंड हलवतं, चक्‌चक् आवाज येतो आणि दहा मिनिटांत झोपून जातं. घरच्यांनी साधी बाटली आणली, निपलचं भोक तापल्या सुईने मोठं केलं. आता एका वेळचं पाजायला तास जातो, निम्मं दूध नाकातून बाहेर येतं आणि मध्येच बाळ ठसकतं. काल दिवसभरात लंगोट चारदाच ओले झाले.

आजीचं म्हणणं, सुनेने ग्रहण पाळलं नाही म्हणून असं झालं. रोज आंघोळीनंतर नाकात-कानात खोबरेल घालणं चालू आहे. गुटी मधात उगाळून द्यायची तयारी आहे. "ऑपरेशन केल्याशिवाय बाळ पिणारच नाही, मग आत्ताच करा" असं वडील म्हणतात.

मला नेमकं सांगा: कशाने पाजायचं, किती, कसं? नाकातून दूध येतं त्याचं काय करायचं? आणि ऑपरेशन कधी, कुठे?

नवजात_कक्ष

ताई, आधी वजन. २.७ वरून २.४३ म्हणजे दहा टक्के घट. पहिल्या तीन-चार दिवसांत सात-आठ टक्के उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत येतं, असा साधारण हिशेब असतो. नवव्या दिवशी दहा टक्के खाली आणि दिवसाला चारच लंगोट, म्हणजे बाळ उपाशी आहे. उद्यावर टाकू नका, आजच ओरोसला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दाखवा. तिथे रक्तातलं सोडियम, साखर, कावीळ बघतील. गरज वाटली तर काही दिवस नळीने दूध देतील. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार आणि ने-आण मोफत आहे, १०२ ला फोन करा. पुढचं लिहिते ते तिथून आल्यावर घरी चालवायचं आहे.

बाळ दूध ओढतं ते तोंडातला हवेचा दाब कमी करून. टाळू उघडी असली की नाकातून हवा आत येते आणि तो दाब कमी होतच नाही. आईला दूध कितीही असो, बाळात जोर कितीही असो. चक्‌चक् ऐकू येतं ते त्यामुळेच. नुसता ओठ फाटलेला असता तर स्तनाचा मऊ भाग फटीत बसला असता आणि बाळ अंगावर प्यायलं असतं. म्हणून "शेजारच्या वाडीतलं तसंच बाळ अंगावर प्यायचं" हे कुणी सांगितलं तर त्याची टाळू कशी होती ते आधी विचारा.

तरी छातीला लावणं बंद करू नका. पोट भरल्यावर पाच-दहा मिनिटं लावा, बाळ निवतं आणि आईचं दूध टिकतं. फक्त ते पाजणं म्हणून वहीत लिहू नका.

दूध काढायचं हाताने, दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा. रात्रीची एक खेप चुकवली की आठवड्याभरात दूध कमी होतं, कारण रात्री दूध तयार करणारं संप्रेरक जास्त असतं. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. बोटं कातडीवर घासत पुढे ओढली तर दूध येत नाही आणि त्वचा मात्र सोलवटते. रबरी फुग्याचा पंप विकत घेऊ नका. फुगा आतून साफ होत नाही आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यात बुरशी धरते.

किती पाजायचं? आठवड्यानंतर किलोला १५० मिली, आणि हिशेब जन्माच्या वजनावर करायचा, आत्ताच्या उतरलेल्यावर नाही. २.७ गुणिले १५० म्हणजे दिवसाला ४०५ मिली. दर तीन तासांनी आठ वेळा दिलं तर एका वेळी ५० मिली, अडीच तासांनी दहा वेळा दिलं तर ४०. हे बाळ लवकर दमतं, तेव्हा दहा वेळाच धरा. कमी प्यायलेल्या बाळाला पहिल्याच दिवशी एवढं झेपेल असं नाही, कक्षातले सांगतील त्या पायरीने वाढवा. एक पाजणं अर्ध्या तासात संपलं पाहिजे. तासभर चालणाऱ्या पाजण्यात बाळ जेवढं कमावतं तेवढं गिळण्याच्या कष्टातच घालवतं. वजन घटण्याचं हेही एक कारण असतं.

साधन म्हणाल तर बोंडलं, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. घरात जुनं असेल तर उत्तमच, नाहीतर स्टीलचं घ्या, आतून गुळगुळीत, चोचीला धार नसलेलं. त्यात किती मावतं ते आधी सिरिंजने पाणी घालून मोजा, म्हणजे "तीन बोंडली प्यायली" याचा अर्थ कळेल. बाळाला कपड्यात गुंडाळून मांडीवर जवळजवळ बसतं धरा, ४५ ते ६० अंश, मान हाताच्या आधाराने सरळ. मान मागे कलली की गिळणं अवघड होतं, छातीत दुमडली की श्वास अडतो. चोच खालच्या ओठावर ठेवून किंचित आत, ज्या बाजूला फट नाही त्या गालाकडे. म्हणजे या मुलीच्या उजव्या गालाकडे. बोंडलं एवढंच कलवा की दूध चोचीच्या टोकाशी येऊन थांबेल. बाळ जिभेने घेतं, गिळतं, श्वास घेतं, मग पुढचा घोट. ओतायचं नाही.

नाकातून दूध येणारच. टाळू उघडी आहे तोवर थोडं येणार, त्याने घाबरून पाजणं थांबवू नका. जास्त येत असेल तर दोनच कारणं असतात: बाळ आडवं आहे, किंवा तुम्ही घाई करताय. थांबा, बाळाला किंचित पुढे कलवा, मऊ सुती कापडाने नाकाखाली टिपा, श्वास सरळ झाला की पुढे चालू. नाकपुडीत कापसाची वात किंवा रबरी फुगा घालायचा नाही.

हवा पोटात जास्त जाते, म्हणून ढेकर शेवटी एकदा काढून भागत नाही. दर १५-२० मिलीनंतर खांद्यावर घ्या किंवा बसवून पाठ थोपटा. पाजून झाल्यावर अर्धा तास छातीशी उभं धरा.

आणि ती बाटली आजच बाजूला ठेवा. सुईने मोठं केलेल्या गोल भोकातून बाळ श्वास घ्यायला थांबलं तरी दूध येतच राहतं. ठसका त्याचाच आहे.

टाळू_पथक

नवजात_कक्ष यांचं बाकी सगळं मान्य, बाटलीबद्दल थोडं वेगळं मत. बोंडलं पहिल्या महिन्यात छान चालतं, पण बाळ चार किलोचं झालं आणि एका वेळी ८०-९० मिली घ्यायला लागलं की आईचा पाऊण तास जातो आणि सांडतंही बरंच. आईला शेतावर किंवा मासळीला जायचं असेल तर मागे राहिलेली माणसं बोंडल्याने घाईच करतात. अशा वेळी दुभंगलेल्या टाळूसाठीची खास बाटली घेतली तर बिघडत नाही. हॅबरमन पद्धतीच्या निपलमागे एकाच दिशेने उघडणारी झडप असते, दूध निपलमध्ये येतं पण परत बाटलीत जात नाही. त्यामुळे बाळाने नुसतं हिरड्यांनी चावलं तरी दूध मिळतं, ओढावं लागत नाही. तालुक्याला मिळेलच असं नाही, मागवावी लागते.

तोवर काम चालवायचं तर मऊ प्लास्टिकची, बोटाने दाबली जाणारी बाटली आणि अधिक चिन्हासारखा छेद दिलेलं निपल. छेद दाबल्यावरच उघडतो, सोडला की मिटतो. निर्जंतुक ब्लेडने अगदी लहान छेद द्या, तीन-चार मिलिमीटर पुरे. निपल फटीत घुसू देऊ नका, शाबूत टाळूच्या बाजूला टेकवा. बाळाची हनुवटी हलली की हलकं दाबायचं, गिळताना सोडायचं. सतत पिळत राहिलात तर सुईने केलेल्या भोकात आणि यात फरक उरला नाही. वेगळे झालेले भाग साबणाने धुऊन, पाण्यात पूर्ण बुडवून उकळी फुटल्यावर दहा मिनिटं. झडपेच्या मागे दुधाची साय अडकते ती बोट फिरवून बघा, नुसतं पाण्याखाली धरून निघत नाही.

दूध कमी पडलं तर डब्याचं दूध डब्यावरच्या मापानेच. "पातळ आहे म्हणून नाकातून येतं" असं म्हणून त्यात नाचणीचं सत्त्व किंवा तांदळाची पिठी घालणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. सहा महिन्यांआधी नाही.

कान_नाक_ओरोस

आजीच्या तेलावर मी बोलतो, कारण ती गोष्ट आजच थांबायला हवी.

नाकात घातलेलं तेल कुठल्याही बाळाच्या श्वासनलिकेत उतरू शकतं. इथे तर नाक आणि तोंड यांच्यात पडदाच नाही. तेलाला ठसका नीट येत नाही, ते गुपचूप फुफ्फुसात जातं आणि त्याचा न्यूमोनिया होतो, जो साध्या अँटिबायोटिकने हटत नाही. कानाचं दुखणं वेगळं. टाळू उचलणारे स्नायूच कानाची नळी उघडतात. टाळू दुभंगली की ते स्नायू मध्यावर जोडलेले नसतात, नळी उघडत नाही आणि पडद्यामागे चिकट पाणी साठतं. टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला हे कधी ना कधी होतं. बाहेरून कानात तेल घालून ते पाणी निघत नाही. उलट तपासताना पडदा दिसत नाही. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी आणि ओव्या-शेपाची धुरीही बाळापासून लांब ठेवा.

आजीला "काहीच करू नका" म्हटलं तर ऐकणार नाहीत. अंगाला तेल चोळू दे, आंघोळ घालू दे, ढेकर काढायचं काम त्यांच्याकडे द्या. हात त्यांचेच चांगले बसलेले असतात.

मध एक वर्षापर्यंत बंद, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. गुटीही नको, सहाणेवर उगाळलेलं काहीही नको. आणि ग्रहण: वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू साधारण सहाव्या ते नवव्या-दहाव्या आठवड्यात. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. जे ग्रहण पाचव्या-सहाव्या महिन्यात आलं त्याने तिसऱ्या महिन्याआधी जुळून गेलेली टाळू उघडत नाही. सुनेला बोल लावायच्या आधी आजीला ही आठवड्यांची मोजणी सांगा, बऱ्याच जणींना पटते. कारणं बहुधा अनेक मिळून असतात: घराण्यातला कल, तंबाखू, आकडीवरची काही औषधं, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह. मिश्री लावण्याची सवय असेल तर पुढच्या खेपेसाठी ती सोडवा. हे विचारताना मात्र दोषाचा सूर नको. आई-वडिलांना स्वतःला हा दोष नसेल तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात चार. पुढची गर्भधारणा ठरवण्याआधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करायचं, डोस डॉक्टरांकडून ठरवून.

श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्या. पास झाली म्हणून सोडू नका, पाणी नंतर साठतं. पुन्हा सहा महिन्यांनी आणि टाळूच्या शस्त्रक्रियेआधी. शस्त्रक्रियेतच पडद्यात बारीक नळी बसवायची का, ते तेव्हा ठरतं.

खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे दिसतात का तेही बघा. असतील तर हा प्रकार घराण्यातून येणारा असतो आणि मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी धरतात. हृदयाचे ठोके तर ऐकायचेच.

गटप्रवर्तक_देवगड

सगळ्यांचे आभार. बाळ ओरोसला दाखल केलं होतं. सोडियम थोडं वाढलेलं निघालं, आता उतरलं. हृदय ठीक आहे. घरी आले आहेत. बोंडल्याने एका वेळी ४० मिली घेते, वजन २.५१. नाकातून येणं बरंच कमी झालं.

आता दोन अडचणी. पावसात इथे वीज तासन्‌तास नसते, काढलेलं दूध ठेवायचं कसं? आणि आशाताई रोज झोळीच्या काट्यावर वजन करतात. एक दिवस वाढलेलं दिसतं, दुसऱ्या दिवशी घटलेलं. घरचे घाबरतात.

नवजात_कक्ष

झोळीच्या काट्यावर रोज वजन करू नका. बाळाने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं आणि त्या काट्यावर एवढा फरक वाचताच येत नाही. काटा हलला, झोळी ओली असली की ५०-१०० ग्रॅम इकडचे तिकडे. पहिला महिना आठवड्यातून दोनदा केंद्रातल्या त्याच डिजिटल काट्यावर, उघड्या अंगाने, पाजण्याआधी. आठवड्याला १५० ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली तर रोजची काळजी सोडा. मधल्या दिवसांत लंगोट मोजा, सहा ते आठ ओले हवेत. सांडलेलं किती ते बघायचं असेल तर गळ्याखालचा कपडा पाजण्याआधी आणि नंतर भाजीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिली. ४० पाजले आणि १० कपड्यात गेले तर बाळाला ३० मिळाले. वहीत तेच लिहा.

दूध: झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, सावलीच्या जागी चार तास धरा. कोकणातल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिज चालू असेल तर आतल्या बाजूला, दारात नाही, २४ तास. वीज गेली की फ्रिज उघडू नका. भांडं हाताला गार लागेनासं झालं तर चार तासांचा नियम लावा. खरं सोपं हे की आईने दर खेपेला काढावं आणि ताजंच पाजावं, साठा रात्रीपुरता. गरम करायचं ते कोमट पाण्यात भांडं ठेवून, चुलीवर नाही. बाळाने उष्टं केलेलं परत ठेवायचं नाही.

पाजून झाल्यावर फटीत दुधाचा थर बसतो. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ मऊ कपडा बोटाला गुंडाळून ओठाच्या आणि हिरडीच्या कडेने पुसा. टाळूच्या फटीत बोट घालून खरवडायचं नाही, ते अस्तर नाकाचं असतं आणि लगेच रक्त येतं.

टाळू_पथक

पुसण्याऐवजी आम्ही शेवटी तेच उकळून गार केलेलं चार-पाच मिली पाणी बोंडल्याने द्यायला सांगतो, थर आपोआप धुऊन जातो. केवळ आईचं दूध चालू असेल तर तेही टाळता येतं, डब्याचं असेल तर द्याच. पाण्याने पोट भरवायचं नाही, एवढं कळलं की पुरे.

नवजात_कक्ष

तोच धोका आहे. पाच मिलीचं घरी गेल्यावर वाटीभर होतं. मी कपड्यावरच राहीन.

शस्त्रक्रिया_वॉर्ड

वडिलांना सांगा, घाई करून उपयोग नाही. ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवतात. जुना ठोकताळा असा: दहा आठवडे, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा. टाळू नऊ महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत. त्याआधी केली तर जबड्याच्या वाढीला त्रास, फार उशिरा केली तर बोलणं बिघडतं. हिरडीतली हाडाची फट भरणं सातव्या वर्षापुढे, सुळा येण्याआधी. मध्ये दातांचे उपचार. थोडक्यात हे एका ऑपरेशनाचं काम नाही, आणि आई-वडिलांना ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणं बरं.

कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहेच. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नोंद करा, पुढचा संदर्भ तिथून मिळतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही तिथेच विचारा. स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेच्या भागीदार रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. सिंधुदुर्गातले बरेच जण हमरस्त्याने बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात, रत्नागिरी-रायगडकडचे मुंबईला. अंतरापेक्षा हे विचारा की तिथे ओठ, टाळू, दात, कान आणि वाचा या सगळ्यांचं एकत्र पथक आहे का. वर्षाकाठी दोन-चार टाळू शिवणाऱ्या ठिकाणी जवळ म्हणून जाऊ नका. जन्माचा दाखला, माता-बाल संरक्षण कार्ड, रेशन कार्ड, आई-वडिलांचं आधार आधीच जमवून ठेवा. बाळाचं नाव दाखल्यात नसल्यामुळे कागद अडकतो, असं फार होतं.

एक गोष्ट मात्र लवकर करायची असते. फट फार रुंद असेल तर पहिल्या काही आठवड्यांत तोंडात बसवायची प्लेट लावून हिरडीची टोकं जवळ आणतात, नाकपुडीला आकार देतात. त्यासाठी जवळजवळ दर आठवड्याला जावं लागतं. देवगडहून ते झेपेलच असं नाही, आणि ती लावली नाही म्हणून ओठ शिवता येत नाही असं मुळीच नाही. त्याऐवजी ओठावर सूक्ष्मछिद्रांची कागदी चिकटपट्टी आडवी लावायला शिकवतात. आपल्या हवेत घामाने गालाला पुरळ येतं, म्हणून गालावर आधी त्वचारक्षक पट्टी, तिच्यावर ही. काढताना कोमट पाण्याने भिजवून. नाकपुडी झाकली जाता कामा नये. पथकाने दाखवल्याशिवाय घरी प्रयोग नको.

तारीख मिळाल्यावर सर्वांत जास्त वेळा काय आडवं येतं तर सर्दी आणि कमी हिमोग्लोबिन. ताप-खोकला असेल तर भूल देत नाहीत, दोन ते चार आठवडे पुढे जातं. म्हणून शक्य असेल तर जून ते ऑगस्टमधली तारीख टाळा. लसी वेळेवर द्या, फक्त शस्त्रक्रियेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत नको. उपाशी ठेवण्याचा हिशेब: आईचं दूध चार तास आधी थांबवायचं, वरचं दूध सहा तास, पाणी दोन तास. रात्रीपासून उपाशी ठेवून पहाटे गाडीत बसवणारे पालक असतात, तसं करू नका. बाळ सुकतं आणि शीर सापडत नाही.

ओठ शिवल्यावर बाळाला पोटावर झोपवायचं नाही. टाक्यांवर दुधाची-रक्ताची खपली धरू द्यायची नाही, तिच्याखाली पू होतो आणि व्रण रुंद पडतो. सलाइनमध्ये भिजवलेली कापसाची काडी टाक्यांवरून हलकेच फिरवायची, घासायची नाही, मग सांगितलेलं मलम पातळ लावायचं. पाजणं त्याच दिवशी सुरू होतं. कोपर वाकू नये म्हणून हाताला पट्ट्या बांधायच्या का, यावर मतं वेगळी आहेत. काही पथकं बांधतच नाहीत. बांधल्या तर खाली बाह्यांचं झबलं, आणि दर दोन-तीन तासांनी एकेक हात सोडून कातडी बघायची. दोन्ही एकदम सोडू नका. व्रण दोन-तीन महिने लाल आणि टणक राहतो, तो बिघाड नाही.

टाळूच्या आधी बाळाला वाटीने प्यायला शिकवा. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होईलच: उकड्या तांदळाची गुरगुट्या पेज, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं. बसवून, छोटा चमचा, गालाच्या बाजूने. पातळ पदार्थापेक्षा चमच्यावर जेमतेम टिकेल एवढं दाट नाकातून कमी येतं. हिमोग्लोबिनसाठी आशाताईंकडचं लोहाचं औषध तेव्हापासून आठवड्यातून दोनदा एक मिली. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे फक्त पातळ आणि मऊ, गाळलेलं. चमचा आत घालायचा नाही, स्ट्रॉ नाही, निपल नाही, तोंडात खेळणं नाही. खारी, टोस्ट, चुरमुरे घरात दिसतील तिथेही नकोत. खाल्ल्यावर दोन घोट पाणी. पहिल्या दिवशी लाळेत रक्ताची छटा असते. पण ताजं लाल रक्त येत असेल किंवा बाळ सारखं गिळत असेल, तर ते रक्तच गिळतंय असं समजून ताबडतोब परत न्या. टाके उसवून भोक राहिलं तर पुढे पेज नाकातून येते, ते नंतर बुजवता येतं.

वाचा_उपचार

ताई, एक छोटंसं. टाळू शिवेपर्यंत बाळाशी बोलणं कमी करू नका, घरचे "कळत नाही अजून" म्हणून सोडून देतात. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की "म" आणि "न" येतील, "ब", "प", "क", "ग" येणार नाहीत, कारण त्यांना तोंडात हवा कोंडावी लागते. "बाबा" म्हणायला गेलं तर "मामा" ऐकू येईल. ते सुधारायच्या मागे लागू नका. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने नाक हलकेच बंद करून "पा-पा", "बा-बा" खेळवा आणि हात सोडून पुन्हा म्हणायला लावा. दोन्हींतला फरक कमी होत गेला तर टाळू काम करतेय. दीड-दोन वर्षांत व्यंजनांऐवजी घशातून झटका दिल्यासारखा आवाज काढायला लागलं तर तेव्हाच आणा. ती सवय एकदा मुरली की शाळेच्या वयात सोडवायला फार वेळ जातो.

गटप्रवर्तक_देवगड

चौदाव्या दिवसाची भेट झाली, २.६२. आजींनी मधाची बाटली वर ठेवून दिलीय, तेल मात्र अजून कानाजवळ येतं. श्रवण तपासणीला नेताना त्यांनाच बरोबर नेऊ का?

कान_नाक_ओरोस

जरूर न्या. कान तपासताना तेलाचा थर कानाच्या पडद्यापर्यंत पोचलेला दिसतो, तो त्यांना दाखवू. आणि बाळ दूध पिऊन झोपलेलं असेल अशी वेळ धरून या. जागं आणि हलतं बाळ असलं की तपासणी पुरी होत नाही, पुन्हा खेप पडते.